फ्लॉरेन्सला जाण्यापूर्वी

आपल्याकडे वारीला निघालेल्या माणसाला पंढरपूर समजावून सांगावे लागत नाही. चंद्रभागा, पुंडलिक, नामदेवाची पायरी, चोखोबांची समाधी हे सारे त्याने लहानपणापासून अभंगांत आणि कीर्तनांत ऐकलेले असते. तो पहिल्यांदा गेला तरी ओळखीच्या घरी गेल्यासारखा जातो. पण ज्याच्या कानावर यातले काहीच पडलेले नाही असा एखादा परदेशी पाहुणा तिथे आला, तर त्याला काय दिसणार? एक गर्दीचा घाट आणि एक दगडी पायरी. पायरी तीच, पण त्याच्यासाठी ती मुकी राहते.

आज ज्या गावाविषयी सांगावयाचे आहे, तिथे आपण असेच परके पाहुणे आहोत. ते गाव म्हणजे इटलीतील फ्लॉरेन्स. तिथले लोक त्याला फिरेन्झे म्हणतात. आर्नो नदीच्या दोन्ही काठांवर ते वसले आहे. तुम्ही म्हणाल, "अहो, आम्ही खेड्यातली माणसं. आमचं कोण कधी तिकडे गेलं?" तर गेले आहेत बरं का! एक राजा गेला होता आणि पुष्कळ शिपाई गेले होते. त्यांच्याकडे मी पुढे येईनच. शिवाय हल्ली आपल्या गावची मुले शिकून परदेशी जातात आणि त्यांच्यामागून आईबापही विमानात बसतात. अशा कोणाला उद्या फ्लॉरेन्सला जाण्याचा योग आला, तर बरोबर कोणती शिदोरी बांधावी, कोणती पुस्तके वाचावीत आणि कोणते चित्रपट पाहावेत, एवढाच आजचा विषय. आणि ज्यांना जावयाचे नाही त्यांनी नुसती शिदोरी खाल्ली तरी चालेल.

पहिले नाव दान्तेचे. तो १२६५ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला. आपल्या ज्ञानोबारायांपेक्षा दहा वर्षांनी वडील समजा. इकडे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, आणि त्यानंतर काही वर्षांनी तिकडे दान्तेने नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांचा प्रवास सांगणारे आपले महाकाव्य लिहावयास घेतले. पंडितांची लॅटिन सोडून तो फ्लॉरेन्सच्या बाजारात बोलल्या जाणाऱ्या बोलीत लिहिता झाला. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. पण पंडितांच्या भाषेतले धन घरच्या भाषेत आणण्याची तळमळ दोन्हीकडे एकाच सुमाराला होती, हे गुरुजींनी वर्गात फळ्यावर दोन सनावळ्या शेजारी शेजारी लिहून जरूर दाखवावे.

हा दान्ते नगराच्या कारभारात होता. पक्षांची भांडणे झाली आणि १३०२ साली त्याला हद्दपार करण्यात आले. परत आलास तर जिवंत जाळू, अशी शिक्षा ठोठावली. तो पुन्हा कधीच घरी आला नाही. १३२१ साली रावेन्ना या गावी वारला आणि तिथेच पुरला गेला. पुढे फ्लॉरेन्सला पश्चात्ताप झाला, अस्थी परत मागितल्या, पण रावेन्नावाल्यांनी दिल्या नाहीत. म्हणून फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे या चर्चमध्ये दान्तेची जी भव्य समाधी आहे ती रिकामी आहे! आणि रावेन्नाच्या खऱ्या समाधीवरील दिव्याला लागणारे तेल दर वर्षी फ्लॉरेन्स पाठवते. १९०८ पासून हा रिवाज चालू आहे. शिक्षा रद्द करण्याचा ठराव नगरसभेने केला तो २००८ साली, म्हणजे सातशे सहा वर्षांनी. काव्य सगळे वाचावयास जमले नाही तर नरकाचा भाग तरी वाचावा. आपल्याच गावच्या कोणकोणत्या लोकांना कवीने कुठल्या खड्ड्यात टाकले आहे, ते पाहताना मौज वाटते.

दान्तेनंतर बोकाच्चो. १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये प्लेग शिरला. त्या काळात सात तरुणी आणि तीन तरुण सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये भेटतात, गाव सोडून टेकडीवरच्या वाड्यात जातात आणि दहा दिवस रोज दहा गोष्टी सांगतात. अशा शंभर गोष्टींचे हे पुस्तक. यातल्या पुष्कळ गोष्टी चावट आहेत, तेव्हा गुरुजींनी वर्गात वाचण्याआधी निवडून घ्याव्यात. पण सुरुवातीचे प्लेगचे वर्णन मात्र कोणीही चुकवू नये. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगात गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहिली, त्या आठवणी पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. ज्यांनी त्या ऐकल्या आहेत त्यांना बोकाच्चोची पहिली वीस पाने परकी वाटणार नाहीत.

मॅकिआव्हेलीचे नाव ऐकले की लोक कपटनीती म्हणतात आणि पुढे जातात. त्याचे 'प्रिन्स' हे पुस्तक लहानसेच आहे. राजकारणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावे. पण त्याही आधी वाचावे ते त्याने १५१३ च्या डिसेंबरात एका मित्राला लिहिलेले पत्र. नोकरी गेलेली, तुरुंगात हाल झालेले, आणि हा गृहस्थ शहराबाहेर आपल्या शेतावर येऊन राहिलेला. दिवसभर लाकूडतोड्यांशी हुज्जत घालावी, दुपारी खानावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते खेळावेत, चार पैशांवरून ओरडावे. संध्याकाळी मात्र घरी आल्यावर चिखलाचे कपडे उतरवावयाचे, दरबारी पोशाख चढवावयाचा आणि मग जुन्या ग्रंथांपुढे बसावयाचे, जणू त्या थोर पुरुषांच्या भेटीलाच गेला आहे. चार तास त्याला ना गरिबी आठवत ना मरणाचे भय. शाळा सुटल्यावर शेतीचे पाहून रात्री पुस्तक उघडणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. त्यांना हे पत्र आपले वाटेल.

आता जरा थांबतो, कारण माझ्या आवडीचे पुस्तक आले. बेन्वेनुतो चेल्लिनी हा सोळाव्या शतकातला सोनार आणि मूर्तिकार. त्याने आपले आत्मचरित्र एका पोराला सांगून लिहून घेतले. माणूस बढाईखोर, भांडखोर. हातून खूनही झालेले. त्याचे निम्मे खरे मानावे. पण त्यातला पर्सियसच्या मूर्तीचा प्रसंग असा आहे की, आपल्या गावच्या ओतारी-तांबटांना तो वाचून दाखवावा.

मूर्ती काशाची, पुरुषभर उंचीहून कितीतरी मोठी, एका हातात तरवार आणि दुसऱ्या हातात राक्षसिणीचे छाटलेले मुंडके. ड्यूकसाहेब म्हणाले होते, ही ओतली जाणे शक्य नाही. चेल्लिनीने मेणाचा साचा केला, त्यावर माती चढवली, मेण वितळवून काढले, साचा खड्ड्यात उभा केला आणि भट्टी पेटवली. भट्टी इतकी धगधगली की कारखान्याच्या छपराने पेट घेतला. दुसऱ्या बाजूने वाऱ्यापावसाने भट्टी थंड होऊ लागली. तेवढ्यात चेल्लिनीला फणफणून ताप भरला. आता मी मरणार म्हणून तो अंथरुणावर पडला. इतक्यात एक माणूस रडत आला, सगळे काम नासले म्हणून. चेल्लिनी तसाच उठला. पाहतो तर धातू घट्ट होऊन भट्टीत गोळा बसलेला. त्याने ओकाची वाळलेली लाकडे आणवली आणि जाळ वाढवला. धातू हलू लागला, पण भट्टीचे झाकणच स्फोट होऊन उडाले आणि रस नीट धावेना. तेव्हा त्याने घरातली होती नव्हती ती कथलाची ताटे, वाट्या, परात्या मागवल्या. सुमारे दोनशे भांडी एकामागून एक त्या रसात टाकली. रस पाण्यासारखा पातळ झाला आणि साचा भरला! ताप कुठल्या कुठे गेला. सगळ्यांनी मिळून जेवण केले, ते मात्र मातीच्या भांड्यांत, कारण दुसरी उरलीच नव्हती. साचा फोडला तेव्हा मूर्ती पुरी उतरली होती. उजव्या पायाच्या बोटांशी तेवढी उणीव राहिली होती.

१५५४ साली ही मूर्ती शहराच्या मुख्य चौकात बसवली गेली आणि आजही तिथे आहे. चौकात उभा राहून जो प्रवासी नुसता फोटो काढतो त्याला एक काशाचा वीर दिसतो. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याला त्या वीराच्या अंगात चेल्लिनीच्या स्वयंपाकघरातली ताटे दिसतात.

त्याच सुमारास वासारी नावाच्या चित्रकाराने कलावंतांची चरित्रे लिहिली; १५५० साली ती प्रथम छापली. त्यातले ब्रुनेलेस्कीचे चरित्र गवंड्यांसाठी आहे. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चवर घुमट चढवावयाचा होता आणि खालचे अंतर इतके मोठे की आधाराचा लाकडी सांगाडा उभारणेच अशक्य. विजापूरचा गोलघुमट तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. त्याचा आतला व्यास सुमारे १२४ फूट. फ्लॉरेन्सचा सुमारे १४५ फूट आणि त्याच्या दोनशे वर्षे आधीचा. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत सांगाड्याशिवाय तो बांधून काढला. एकात एक अशी दोन कवचे केली आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या गुंफल्या. वासारी सांगतो ती अंड्याची गोष्ट, म्हणजे बूड फोडून अंडे उभे केल्याची, खरी असो वा नसो, मुले ती विसरत नाहीत.

मायकेलअँजेलोवर आयर्व्हिंग स्टोनची 'अ‍ॅगनी अँड दि एक्स्टसी' ही जाडजूड कादंबरी १९६१ मध्ये निघाली. वाचावी. चार वर्षांनी निघालेला चित्रपट मात्र बहुतेक रोममध्येच घडतो, म्हणून फ्लॉरेन्सच्या शिदोरीत तो नको. जॉर्ज इलियटची 'रोमोला' ही पंधराव्या शतकाच्या अखेरच्या फ्लॉरेन्सची कादंबरी. विद्वान लोक वाखाणतात, मला ती जड गेली. अलीकडच्या 'इन्फर्नो' या अमेरिकन चित्रपटात आपला इरफान खान आहे, एवढे त्याच्या बाजूने सांगता येईल. बाकी सगळे जण नुसते पळत असतात.

करमणूक आणि शहाणपण एकत्र हवे असेल तर ई. एम. फॉर्स्टरची १९०८ सालची 'ए रूम विथ ए व्ह्यू' घ्यावी. हा लेखक आपल्याला अगदीच परका नाही. १९२१ साली तो देवासच्या पवार महाराजांकडे चिटणीस होता आणि त्या मराठी दरबारावर त्याने पुढे पुस्तकही लिहिले. या कादंबरीत एक इंग्रज मुलगी फ्लॉरेन्सला येते. हातात प्रवाशांची मार्गदर्शिका असली म्हणजे काय पाहावे आणि कशाचे कौतुक करावे, हे तिला त्या पुस्तकातून कळते. एके दिवशी सान्ता क्रोचेमध्ये ती मार्गदर्शिकेविना सापडते आणि घाबरते. मग हळूहळू तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागते. मी इथे पुस्तकांची यादी सांगत बसलो आहे, आणि हे पुस्तक सांगते की पुस्तक मिटा! दोन्ही ऐकावे. १९८५ साली यावर चित्रपट निघाला. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी. निर्माते इस्माईल मर्चंट हे मूळचे मुंबईचे. त्यातला नदीकाठ, चौक आणि टेकडीवरचे गवत मन भरून पाहावे.

पण गोड चित्रपट पाहून कोणी फ्लॉरेन्सला जाऊ नये. त्याच्याबरोबर रोसेलिनीचा १९४६ चा 'पायझा' पाहावा. दुसऱ्या महायुद्धावरच्या सहा गोष्टी त्यात आहेत, चौथी फ्लॉरेन्सची. १९४४ च्या ३ ऑगस्टच्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नोवरचे सगळे पूल उडवले. एक जुना पूल, पोन्ते वेक्क्यो, तेवढा ठेवला, आणि त्याच्या दोन्ही टोकांची घरे पाडून वाट बंद केली. नदीच्या अलीकडे दोस्तांचे सैन्य, पलीकडे गल्लोगल्ली गोळीबार. चित्रपटात एक परिचारिका आपल्या माणसाच्या शोधात पलीकडे जाते, ती त्या जुन्या पुलावरच्या बंदिस्त मार्गाने आणि उफ्फीत्सीच्या ओस पडलेल्या दालनांतून. उफ्फीत्सी म्हणजे कचेऱ्या. एके काळी तिथे ड्यूकच्या कचेऱ्या होत्या, आज जगातला एक मोठा चित्रसंग्रह आहे. रोसेलिनीने हे चित्रण युद्ध संपल्यावर लवकरच, खऱ्या शहरात केले. पडलेली घरे कोणी मुद्दाम उभारलेली नाहीत.

मग त्या वेळी उफ्फीत्सीतली चित्रे कुठे होती? आता आपल्या शिपायांकडे येऊ.

युद्धात ती चित्रे शहराबाहेरच्या वाड्यांतून आणि किल्ल्यांतून हलवली होती. त्यांपैकी एक मोंतेगुफोनीचा किल्ला. बोत्तिचेल्लीचे 'वसंत' हे दहा फूट रुंदीचे जगप्रसिद्ध चित्र तिथे भिंतीला टेकून उभे होते. तळघरात आसपासची माणसे जीव मुठीत धरून बसलेली. उफ्फीत्सीचे ग्रंथपाल चेझारे फाझोला हे चित्रांच्या काळजीने तिथे येऊन राहिलेले. जर्मन गेले आणि १९४४ च्या जुलैअखेरीस आठव्या हिंदी डिव्हिजनचे सैनिक आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या किल्ल्यात होते. एरिक लिंकलेटर नावाचा स्कॉटिश लेखक आपल्या मराठ्यांना भेटावयास आला, आणि दारे उघडून पाहतो तो खोल्या चित्रांनी भरलेल्या! तोफगोळे जवळपास पडत होते. चित्रांवर मराठा पहारा बसला. लिंकलेटर महाशयांना इतका आनंद झाला की, आसपास कोणी नाही असे पाहून त्यांनी 'वसंता'तल्या स्त्रियांचे चुंबन घेतले. चोरी त्यांनीच आपल्या पुस्तकात कबूल केली आहे. ते पुस्तक म्हणजे १९४७ सालचे 'दि आर्ट ऑफ अ‍ॅडव्हेंचर'.

वाचकहो, हसू येते खरे. पण मला त्या दाराशी बंदूक घेऊन उभा असलेला शिपाई दिसतो. कोणी साताऱ्याकडचा असेल, कोणी कोकणातला. त्याच्या मागे भिंतीला टेकलेली ती फुलांची बाई, आणि पुढे अंधार. त्याने रात्रभर काय पाहिले, काय मनात आणले? ही सारी हकीकत आपल्याला मिळते ती लिंकलेटरकडून. त्याच महिन्यात टायबर नदीच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्यांचे नाव आपण जाणतो. बाकीच्यांची पत्रे गावोगाव ट्रंकांत, माळ्यांवर असतील, नाहीतर वाळवीने खाल्ली असतील. शिक्षकांनो, मुलांना एक काम सांगा. पणजोबा युद्धावर गेले होते अशा घरी जाऊन विचारा, इटलीचे काही पत्र आहे का, फोटोमागे काही लिहिले आहे का. असेल तर त्याची नक्कल शाळेत ठेवा. फ्लॉरेन्सच्या शिदोरीतले तेवढे एक पुस्तक अजून लिहावयाचे आहे, आणि त्याची पाने इकडेच आहेत.

कागद कसा जातो हे फ्लॉरेन्सने स्वतः पाहिले आहे. पुण्याने १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर पाहिला. त्यानंतर पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, पहाटेपूर्वी आर्नो गावात शिरली. काही भागांत पाणी वीस फुटांवर चढले. चिखलात घरांतल्या शेगड्यांचे काळे तेल मिसळले. सान्ता क्रोचेमधील चिमाबुएच्या सहाशेहून अधिक वर्षांच्या क्रूसाचा बहुतेक रंग वाहून गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातली दहा लाखांवर पुस्तके भिजली. मग देशोदेशींचे विद्यार्थी आले, रांगा लावून उभे राहिले आणि चिखलातली पुस्तके हातोहात वर काढू लागले. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. पुस्तके सुकवावयाची कशी? तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत! आपल्या निपाणीकडच्या मंडळींना ही युक्ती पटेल. फ्लॉरेन्समध्येच जन्मलेल्या फ्रांको झेफिरेलीने त्या दिवसांत तिथे एक माहितीपट घेतला आणि रिचर्ड बर्टन या नटाने त्यात मदतीचे आवाहन केले. मिळाला तर जरूर पाहा. तो पाहिल्यावर शहरातल्या भिंतींवर पाण्याची उंची दाखवणाऱ्या पाट्या नजरेतून सुटत नाहीत.

शेवटचे पुस्तक कोल्हापूरचे आहे.

छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, १८७० साली विलायतेला गेले. वय वीस वर्षांचे. प्रवासात त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली. काय पाहिले, कोणाला भेटलो, कुठे गेलो. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. बरोबरच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला. परमुलूख, तिथे दहनाची रीत नाही. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. आपल्याकडे संगमाचे महत्त्व, म्हणून जागा शोधली ती मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथली, कास्चीने बागेच्या टोकाला. तिथे रात्री चिता पेटली.

रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. ती वाचताना एक गोष्ट सारखी मनात येते. लिहिणाऱ्याला पुढचे ठाऊक नाही, आपल्याला आहे.

१८७४ साली त्या जागी छत्री उभारली गेली आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसवला. फेटा, मोत्यांच्या माळा, चेहरा कोवळा. गावातले लोक त्या ठिकाणाला 'लिन्दियानो' म्हणतात, म्हणजे हिंदी माणूस. जवळच १९७० नंतरच्या दशकात आर्नोवर एक मोठा पूल झाला, तोही त्याच नावाने ओळखला जातो. त्यावरून मोटारी धावतात. छत्रीपाशी जावयाचे तर बागेतून नदीच्या काठाकाठाने, दोन नद्या मिळतात तिथपर्यंत चालत जावे लागते.